माईआत्याचें तेल

गेल्या आषाढांत एके सकाळीं चूळ भरतांना पाण्यांत रक्ताचा तांबूस धागा दिसला, तेव्हां मीं दोन गोष्टी केल्या. पहिली ही कीं, घरांत कुणालाही तें सांगितलें नाहीं. आणि दुसरी ही कीं, ज्या बाजूनें रक्त आलें त्या बाजूला ब्रश लावण्याचें बंद केलें. दोन्ही गोष्टी मूर्खपणाच्या होत्या हें आतां समजतें. त्या वेळीं मात्र त्या मला शहाणपणाच्या वाटल्या. आणि वाचकांपैकीं जे पन्नाशी ओलांडून गेले आहेत त्यांनीं प्रामाणिकपणें आठवून पाहिलें तर त्यांतलेही कांहींजण याच वाटेनें गेलेले आढळतील.

आमचें घराणें शुचितेचा अभिमान बाळगणारें. आम्हां तिघां भावांची चूल अद्याप एकच आहे आणि त्या चुलीभोंवतींचे नियमही पुष्कळसे जुनेच आहेत. तोंड धुतल्यावांचून चहाचा घोट घ्यावयाचा नाहीं, जेवण झाल्यावर खळखळून चुळा भरल्यावांचून कशालाही हात लावावयाचा नाहीं, हें लहानपणापासून अंगवळणीं पडलेलें. अशा घरांतल्या माणसाच्या तोंडांत घाण सांचली आहे असें कुणीं म्हटलें असतें तर मी तो कुळाचाच अपमान समजलों असतों. शिवाय रक्त आलें तरी दुखत कांहींच नव्हतें. दांत किडला म्हणजे तो रात्रीं दोन वाजतां सारें घर जागें करतो. हिरडीचा रोग सभ्य पाहुण्याप्रमाणें वावरतो. तो कुरकुर करीत नाहीं, कांहीं मागत नाहीं, आणि एके दिवशीं लक्षांत येतें कीं, त्यानें घराचा पायाच पोखरला आहे.

माझ्या तें लक्षांत आलें दिवाळींत. फराळाच्या वेळीं चकलीचा तुकडा मोडतांना खालची उजवी दाढ आपल्या जागीं किंचित् हलली. मीं चकली मुकाट्यानें ताटांत ठेवली. समोर माझी पुतणी मनू बसली होती. धाकट्या भावाची ही मुलगी दंतवैद्यकाची शेवटची परीक्षा देऊन आतां महाविद्यालयाच्याच रुग्णालयांत उमेदवारी करते. तिनें हळूच विचारलें, "काका, चकली कडक झाली आहे, कीं दाढ हलते आहे?" मी कांहीं बोललों नाहीं. तिला उत्तर मिळालें.

पाडवा होतांच ती मला आपल्या शिक्षकांकडे घेऊन गेली. त्यांनीं बोथट टोंकाची, मिलिमीटरच्या खुणा केलेली एक बारीक सळई प्रत्येक दांताच्या कडेनें हिरडीखालीं सरकवून आंकडे सांगितले आणि मनूनें ते लिहून घेतले. निरोगी हिरडी आणि दांत यांच्यामधली खोबण तीन मिलिमीटरपर्यंत खोल असते. माझ्या तोंडांत चार, पांच, आणि त्या हलणाऱ्या दाढेपाशीं सात असे आंकडे निघाले. जन्मभर मीं शाळेंत गणित शिकविलें. परंतु नुसते आंकडे ऐकून पोटांत गोळा उठण्याचा प्रसंग तो पहिलाच.

आपल्याकडे ज्याला पायोरिया म्हणतात तोच हा रोग. दांतांवर जंतूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. तो रोजच्या रोज निघाला नाहीं तर त्याचें कीटण बनतें, नवा थर त्यावर चढतो आणि हिरडीखालीं उतरतो. मग त्या जंतूंशीं शरीराचा जो झगडा चालतो त्यांत दांताला धरून ठेवणारें हाडच झिजूं लागतें. गेलेलें हाड बहुधा परत येत नाहीं. उरलेलें राखतां येतें. दोन बैठकींत डॉक्टरांनीं हिरडीखालचें कीटण खरवडून काढलें, दांतांच्या फटींत घालावयाचा एक बारीकसा ब्रश माझ्या हातीं दिला आणि म्हटलें, "आमचें अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें तुमचें, आणि तें रोजचें."

घरीं येतांना मीं मनूला म्हटलें, "पण रक्त येतें तेथें ब्रश लावूं नये, हें तर साधें व्यवहारज्ञान आहे." त्यावर तिनें मला एका प्रयोगाची हकीकत सांगितली. हाराल्ड लो नांवाच्या नॉर्वेजियन संशोधकांनीं डेन्मार्कमधील ऑर्हुस येथें तो केला आणि १९६५ सालीं प्रसिद्ध केला. १२ निरोगी माणसें घेतलीं. त्यांत ९ दंतवैद्यकाचे विद्यार्थी, १ शिक्षक आणि २ प्रयोगशाळेंतील सहायक होते. या बारा जणांनीं दांत घासण्याचें अजिबात बंद केलें. १० ते २१ दिवसांच्या आंत बाराही जणांच्या हिरड्यांना दाह सुरू झाला. मग त्यांनीं पुन्हां नेमानें दांत घासावयास आरंभ केला, आणि सुमारें आठवड्याभरांत सर्वांच्या हिरड्या पूर्ववत् झाल्या. औषध नाहीं, पथ्य नाहीं. हिरड्यांच्या रोगाला तोंवर कुणी आहाराला दोष देई, कुणी वयाला, कुणी प्रकृतीला. या साध्या प्रयोगानें एवढें तरी निर्विवाद ठरलें कीं, थर सांचूं दिला म्हणजे दाह होतो आणि काढून टाकला म्हणजे तो जातो.

"म्हणून काका," मनू म्हणाली, "रक्त येतें तेथें ब्रश कमी लावायचा नाहीं, अधिक काळजीनें लावायचा."

प्रयोग मला आवडला. त्यांत प्रत्येक मनुष्याची तुलना त्याच्याशींच होती, त्यामुळें पळवाट उरत नव्हती. तरीही मीं पूर्ण हार मानली नाहीं, कारण आमच्या घरीं हिरड्यांना चोळण्याचें एक तेल आहे. तिळाच्या तेलांत बाभळीची साल, त्रिफळा आणि लवंगा घालून तें मंद आंचेवर उकळतात. हें तेल माझ्या माईआत्याचें. तिसाव्या वर्षीं वैधव्य आल्यावर ती १९७० सालीं आमच्या घरीं परत आली, आणि सासूकडून शिकलेली ही कृति बरोबर घेऊन आली. दर वर्षीं थंडीच्या दिवसांत तेल होतें, बाटल्या भरल्या जातात, आणि सासरीं गेलेल्या मुलींपासून परदेशीं असलेल्या मुलांपर्यंत सर्वांना त्या पोंचतात. आत्या आतां पंच्याऐंशी वर्षांची आहे. शेगडीपाशीं उभें राहणें तिला होत नाहीं. थोरल्या वहिनी उकळतात आणि ती खुर्चीवरून रंग पाहून 'आतां उतरवा' म्हणते. माईआत्या म्हटलें कीं आम्हां भावांच्या डोळ्यांपुढें दोन वस्तु उभ्या राहतात. एक त्या तेलाची बाटली, आणि दुसरी दुधांत कुस्करलेल्या पोळीची तिची वाटी. सणासुदीलाही ती आपली दुधपोळीच घेई. माईआत्याला दुधपोळी फार आवडते, ही आमच्या घरांतली सर्वमान्य गोष्ट.

मीं मनूला सांगितलें, "कीटण निघालें तें तुमच्या विद्येनें. आतां हिरड्या घट्ट होतील त्या मात्र आत्याच्या तेलानें." तिनें वाद घातला नाहीं. "मोजून पाहूं या," एवढेंच म्हणाली. तिच्या शास्त्रांत एकाच तोंडाची वाटणी करण्याची पद्धति आहे. उजव्या बाजूला एक उपचार आणि डाव्या बाजूला दुसरा. माणूस तोच, अन्न तेंच, संवयी त्याच. फरक पडला तर तो उपचाराचा. थोरल्या वहिनींनीं दोन सारख्या काळ्या बाटल्या घेतल्या. एकींत आत्याचें तेल भरलें. दुसरींत साधें तिळाचें तेल, वास सारखा यावा म्हणून त्यांत लवंगेचा नुसता अंश. कोणती बाटली कोणत्या बाजूची हें त्यांनीं एकांतांत नाणें उडवून ठरविलें, बाटल्यांवर 'उजवी' आणि 'डावी' असें लिहिलें, आणि उत्तराची चिठ्ठी देवघरांत कुंकवाच्या करंड्याखालीं ठेवून दिली. मला तें कळावयाचें नव्हतें. मोजणाऱ्या मनूलाही नाहीं. तिला कां नाहीं, असें मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "माझाही माईआजीवर जीव आहे, काका. ठाऊक असलें तर तिच्या बाजूला माझा डोळा दयाळू होईल."

तिनें आरंभीं मोजणी केली. सळई हळुवार फिरविली असतां उजवीकडे २२ जागीं रक्त आलें, डावीकडे २१ जागीं. नंतर दीड महिना मी सकाळ-संध्याकाळ दांत घासल्यावर, फटी साफ केल्यावर, दोन्ही बाजूंना आपापलें तेल चोळीत असें.

आठवडाभरांतच मला उत्तर कळलें. उजवी बाजू! त्या बाजूची हिरडी आंवळून आल्यासारखी वाटे, सकाळीं तोंडाला चव निराळी येई, आणि ती दाढसुद्धां स्थिर झाल्याचा भास होई. मी उजवीकडूनच चावूं लागलों. फिरावयास जातांना मित्रमंडळींत मीं आत्याच्या तेलाचा महिमा गायला. दोघांनीं बाटल्याही मागितल्या. चाळीस वर्षें वर्गांत मीं मुलांना बजावलें होतें कीं, सिद्धता होईपर्यंत 'म्हणून' लिहूं नका. स्वतःच्या तोंडाच्या बाबतींत मात्र माझा 'म्हणून' पहिल्याच ओळींत लिहून झाला होता.

संक्रांतीच्या संध्याकाळीं सारें घर माजघरांत जमलें. मनूनें पुन्हां मोजलें. उजवीकडे ७, डावीकडे ६. सर्वांना आनंद झाला. मग वहिनींनीं करंड्याखालची चिठ्ठी आणून मोठ्यानें वाचली, "आत्याबाईंचें तेल डावीकडे."

सगळे हंसले, मीही हंसलों. जी बाजू मीं मिरविली तिला नुसतें तिळाचें तेल मिळालें होतें. तरी बुडत्याला काडीचा आधार म्हणून मीं म्हटलें, "एका जागेनें कां होईना, डावीकडे कमीच आहे!" मनू म्हणाली, "उद्यां पुन्हां मोजलें तर तो एक इकडचा तिकडे जाईल, काका. दोन्ही बाजू सारख्याच सुधारल्या. दोन्ही बाजूंना सारखा होता तो तुमचा ब्रश." मग तिनें आपल्याच प्रयोगाचे दोषही सांगितले. एका तोंडावरून जगाचें अनुमान निघत नाहीं. शिवाय तोंडाची वाटणी कागदावर होते. लाळ ती मानीत नाहीं, इकडचें तेल तिकडे पोंचवितेच. औषधें सारींच व्यर्थ असेंही नव्हे. क्लोरहेक्सिडीनच्या चुळांचा प्रयोग लो यांनीं शिओट या सहकाऱ्याबरोबर १९७० सालीं प्रसिद्ध केला. शेंकडा ०·२ प्रमाणाच्या द्रावाच्या दिवसांतून दोन चुळा भरल्या असतां, दांत न घासतांही थर धरत नाहीं असें त्यांना दिसून आलें. पण तो द्राव फार दिवस वापरल्यास दांतांवर तपकिरी डाग पडतात, आणि जन्मभर चुळा भरीत राहण्यासाठीं तो नव्हे.

आमचे थोरले बंधु अण्णा मधुमेही आहेत. त्यांनीं विचारलें, "हिरड्या सुधारल्या तर माझी साखर उतरेल का?" मनूनें तेथेंही घाईनें हो म्हटलें नाहीं. अमेरिकेंत ५१४ मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ सालीं आला. हिरड्या सुधारल्या, परंतु सहा महिन्यांनीं साखरेंत फरक दिसला नाहीं. पुढें ३५ प्रयोगांचा एकत्र विचार करून २०२२ सालीं जो आढावा निघाला त्यांत मात्र थोडीशी, तरी उपयोगी पडेल इतकी, घट आढळली. "तेव्हां अण्णाकाका, हिरड्यांसाठीं म्हणून हिरड्या दाखवा," ती म्हणाली. "साखरेला थोडा हातभार लागला तर चांगलेंच, पण तुमच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या."

या बोलण्यांत मला एकाएकीं माईआत्येची आठवण झाली. ती कोपऱ्यांत फुलवाती वळीत बसली होती. चिठ्ठी मोठ्यानें वाचली गेली, आम्ही हंसलों, तें सर्व तिच्यासमोर! पंचावन्न वर्षें जें तेल तिनें घराला दिलें त्याची परीक्षा आम्हीं मांडली, आणि तिला कसें वाटेल याचा विचार एकाच्याही मनांत आला नाहीं. मी उठून तिच्याजवळ गेलों. काय बोलावें तें सुचेना.

तीच म्हणाली, "अरे बापू, एवढा चेहरा कशाला पाडतोस? या तेलानें दांत राहते, तर माझे नसते का राहिले?"

मी पाहतच राहिलों. आत्याला कवळी आहे हें मला ठाऊक होतें. माझ्या वडिलांनींच १९८६ सालीं ती करविली होती. परंतु कवळी आणि तेल या दोन गोष्टी मीं मनांत कधीं एकत्र मांडल्या नव्हत्या.

"या घरीं आलें तेव्हां तीस वर्षांची होतें," ती म्हणाली. "तेव्हांपासून रोज दोन वेळां लावीत होतें. पंचेचाळिशीला तोंडाचें बोळकें झालें."

"मग तूं तेल करीत कां राहिलीस?"

"ठणका लागला म्हणजे लवंगेनें घटकाभर बरें वाटे. शिवाय तुम्ही सारे हौसेनें मागत होतां. मला देण्यासारखें दुसरें काय होतें?" आणि वात तळहातावर वळतां वळतां तिनें अगदीं सहज म्हटलें, "बाकी माझ्या दांतांचें मला कुणीं विचारलेंच नाहीं."

त्या रात्रीं मनूनें मला लो यांच्याच दुसऱ्या एका कामाविषयीं सांगितलें. १९७० सालीं त्यांनीं श्रीलंकेंतील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या ४८० तामिळ मजुरांचे दांत तपासावयास आरंभ केला. हे १४ ते ३१ वर्षांचे पुरुष. दांत घासण्याची रूढि त्यांच्यांत जवळजवळ नव्हती आणि दंतवैद्य त्यांच्या वाऱ्यालाही कधीं आला नव्हता. तुलनेला दुसऱ्या बाजूस ऑस्लो येथील विद्यार्थी आणि विद्वान्. मजुरांची तपासणी पुन्हां पुन्हां, १९८५ सालापर्यंत चालली. त्यांच्या दांतांना कीड जवळजवळ लागलेलीच नव्हती, तरी हिरड्यांनीं घात केला. शेंकडा ८ जणांत रोग झपाट्यानें वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे बहुतेक सर्व दांत गेले. शेंकडा ८१ जणांत तो मध्यम गतीनें चालला. आणि शेंकडा ११ जणांत, तोंडांत तोच थर असूनही, तो पुढें सरकलाच नाहीं. 'आमच्या आजोबांनीं कधीं दांत घासले नाहींत, पण ऐंशीव्या वर्षीं ऊंस खात' असें जे सांगतात त्यांचे आजोबा बहुधा या अकरांतले. उरलेल्या एकोणनव्वद जणांचे आजोबा गोष्टींत येत नाहींत.

१९७० ते १९८५. मीं सालें पुन्हां विचारून घेतलीं. याच पंधरा वर्षांत, आमच्या सुशिक्षित घरांत, माईआत्याचे दांत एकामागून एक गेले. मळ्यावरच्या त्या मजुरांच्या तोंडांवरून मिळालेलें ज्ञान आज माझी दाढ वांचवीत आहे, आणि तें देणारांच्या पदरांत काय पडलें हा विचार मनाला टोंचतो. पण तेथें निदान कुणी तरी वहींत आंकडे मांडीत होता. आमच्या घरीं सहा जण एम्. ए., बी. एस्सी. असूनही ती वही कुणीं उघडली नव्हती. संशोधन म्हणजे मोठीं यंत्रें आणि मोठे शब्द अशी माझी समजूत होती. आतां वाटतें कीं, त्याचा आरंभ ज्याला होतें आहे त्याला विचारण्यांत आहे, आणि आपल्याला जें उत्तर हवें आहे तें बाजूला ठेवून ऐकण्यांत आहे.

मनूनें मला निराश मात्र होऊं दिलें नाहीं. स्वीडनमधील कार्लस्टाड येथें अक्सेलसन आणि लिंडे यांनीं ३७५ प्रौढ माणसांना दांत नीट साफ करण्यास शिकवून, ठराविक दिवसांनीं बोलावून तपासण्याचा क्रम १९७२ च्या सुमारास सुरू केला आणि तो ३० वर्षें चालविला. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शेवटपर्यंत टिकलेलीं २५७ माणसें होतीं. तीस वर्षांत त्यांचे सरासरी दोन दांतसुद्धां गेले नव्हते. तेव्हां म्हातारपण आणि बोळकें यांची जोडी विधात्यानें बांधलेली नाहीं. आमच्या घरीं आतां दर तीन महिन्यांनीं एका रविवारीं सर्वांनीं मनूपुढें तोंड उघडावयाचें असा नेम झाला आहे. माझी दाढ अद्याप जागेवर आहे.

माईआत्याला मीं दुसऱ्याच दिवशीं विचारलें, "कवळी बरी बसते ना?" ती म्हणाली, "बारा वर्षें टोंचते आहे." तीही आम्हांला नवी बातमी. मनूनें आपल्या शिक्षकांकडून नवी कवळी करवून घेतली. ती बसविली त्या दिवशीं वहिनींनीं नेहमींप्रमाणें दुधपोळीची वाटी तिच्यापुढें ठेवली. आत्यानें ती हळूच बाजूला सारली आणि माझ्या ताटांतल्या भाकरीचा खरपूस पापुद्रा उचलला.

"दुधपोळी मला कधींच आवडली नाहीं रे," ती म्हणाली, आणि सावकाश चावूं लागली.